कोचावरचा सहावा चेहरा

१२ जुलै २०२५, शनिवार. वफ्रा

सुटलो एकदाचा! जलीबच्या त्या खोलीत आठ माणसं, एक संडास आणि वरच्या बंकवर काशिफचं घोरणं. त्यातून बाहेर पडणं म्हणजे अर्धा मोक्षच. काशिफ रत्नागिरीचा. चार वर्षं माझ्या डोक्यावर झोपला, आणि आज माझी बॅग उचलताना त्याचेच डोळे भरून आले. म्हणाला, "मेस्त्री, तुझ्या जागेवर आता कोन येतो काय म्हाईत." मी म्हटलं, कोणीही येऊ दे, घोरणारा नको.

चार वर्षं या आखाती देशात सुतारकाम केलं, पण लाकूड काही दिसलं नाही. प्लायच्या नि भुसा दाबून केलेल्या पाट्या कापायच्या, कडेला पट्टी चिकटवायची, झालं किचन कॅबिनेट. कुडाळच्या लवू मेस्त्रीचा मुलगा मी. ज्याच्या पटाशीने देवळाच्या खांबावर मोर नाचवले त्याच्या मुलाने पट्ट्या चिकटवाव्यात? बाबा असते तर त्यांनी पटाशीच फेकून मारली असती. तशी एकदा मारलीही होती. डाव्या भुवईतली खाच त्याचीच आठवण.

तर काम असं आहे. अरबाब, म्हणजे आमचे नवे मालक, यांच्या वफ्र्याच्या मळ्यावर अमेरिकेतून लिलावात घेतलेलं दीडशे वर्षांपूर्वीचं फर्निचर आहे. ते दुरुस्त करायचं. सहा आठवडे. मग २४ ऑगस्टचं घरचं तिकीट, तेही त्यांच्या खर्चाने. २७ ला चतुर्थी. म्हणजे यंदा आमच्या गणपतीचे डोळे मीच आखणार. मूर्ती आम्ही घरीच करतो आणि डोळे सगळ्यात शेवटी आखतो, तेव्हाच त्या मातीत देव येतो असं बाबा म्हणायचे. गेल्या वर्षी डोळे चुलतभावाने आखले. देव अकरा दिवस डोक्यावरच्या फळं-पानं टांगलेल्या माटवीकडे आणि दाराकडे एकाच वेळी बघत होता.

पण खरं कारण तेजू. मी निघालो तेव्हा ती वर्षाची होती, आता पाच. तिला बाबा माहीत आहे तो मोबाइलमधला. परवा तिने मालनला, माझ्या बायकोला, विचारलं की बाबाला पाय आहेत का. हसलो खूप. २५ तारखेला दाखवतोच तिला पाय.

इथे टोमॅटोची हरितगृहं, खजुराची झाडं आणि पुढे नुसती वाळू. घर सांभाळायला झुलेखाचाची आहे, दापोलीकडची, वीस वर्षं इथेच. मला बघताच म्हणाली, "आपल्या मुलखातला मानूस आला, आता मासळी शिजवायला तरी मजा येल." खोली एकट्याची. एसी आहे. आणखी काय पाहिजे?

ही वही बाबांच्या शिकवणीतली. दुसऱ्याची जुनी वस्तू हातात घेतलीस की रोज काय केलंस ते लिही, म्हणजे चुकलं तर उलटं जाता येतं. दुपारी बाहेर पन्नास डिग्री असते, त्या वेळात लिहीन.

१३ जुलै, रविवार

आज फर्निचर पाहिलं. 

मोठ्या दिवाणखान्यात पडदे ओढून ठेवलेत आणि हवेत ओल राहावी म्हणून एक यंत्र सारखं वाफ सोडत असतं. सात नग. एक लांब कोच, हाताच्या दोन खुर्च्या, बिनहाताच्या चार. लाकूड आपल्या शिसवीचा भाऊच, काळपट जांभळं. पाठीवर द्राक्षांचे घड, गुलाब, ओकची पानं, वेली. कोरीव नुसतं वरवर नाही, आरपार. वेलीतून मागची भिंत दिसते. पाय वाकडे, नाजूक, आणि खाली पितळी चाकं. गुलाबाच्या मागे, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही, तिथेही पाकळी पुरी कोरली आहे. ज्याने हे केलं तो माणूस पोटासाठी करत नव्हता.

आणि गंमत म्हणजे कड पाहिली तर चक्क प्लायवूड! सात पातळ थर, एकाची रेषा उभी तर दुसऱ्याची आडवी, सरसाने चिकटवलेले, वाफेवर वाकवलेले. म्हणूनच इतकं बारीक कोरूनही तुटलं नाही. मी प्लायला कंटाळून पळालो आणि प्लायच्या आजोबाकडे येऊन पडलो. एकटाच हसत बसलो.

हात लावण्याआधी गाऱ्हाणं घातलं. दुसऱ्या घरातलं जुनं लाकूड घेतलं की आमच्यात घालतातच. त्यात पूर्वीच्या कुणाचा जीव अडकलेला असतो, त्याला विचारल्याशिवाय पटाशी लावायची नाही. बाबांचा एक नियम होता. द्यायचं ते नाव घेऊन सांगायचं. नारळ नि गूळ, बस. देणं मोघम ठेवायचं नाही. पण इथे वाळवंटात नारळ कुठून आणू? म्हणून उदबत्ती लावली आणि म्हटलं, "बा म्हाराजा, तू जो कोण ह्या लाकडात आसशीत, माका सांभाळून घे, कामाक यश दी, आणि तुका काय व्हया ता माग, मी दितंय." होय म्हाराजा म्हणून साथ द्यायलाही दुसरं कुणी नव्हतं, ते मीच म्हटलं. अमेरिकन मालकाला मालवणी कितपत कळली देव जाणे.

१६ जुलै, बुधवार

काम झकास चाललंय. कोचाच्या मागच्या दोन पायांचे सांधे मोकळे केले, जुना सरस गरम पाण्याने काढला, नवीन भरला. द्राक्षाचे तुटलेले नऊ मणी नव्याने कोरले. कुठले नऊ ते मलाही आता शोधावे लागतात. हाताला यश आहे, गाऱ्हाणं पावलं म्हणायचं.

कोचाच्या आणि हाताच्या खुर्च्यांच्या प्रत्येक हाताच्या टोकाला गुलाबाचा हार कोरलाय, आणि हारात एक माणसाचं डोकं. सहा हात, सहा डोकी. पाच पुरी झालेली. सहावं, कोचाच्या उजव्या हातावरचं, नुसता गुळगुळीत अंड्यासारखा गोळा. अरबाबांनी फोनवरून झुलेखाचाचीला सांगितलं की तो चेहरा मेस्त्रीने करावा. माझी तर दिवाळीच.

कपाटात हत्यारांची पेटी सापडली. उत्तम पटाश्या. मुठी कुणाच्या तरी तळहाताने झिजून चकचकीत झालेल्या, त्या माणसाचा अंगठा माझ्यापेक्षा जाड असावा. चाचीला विचारलं, आधी कोणी सुतार होता का? म्हणाली, "छे रे. तुझ्याआधी कोन आलाच नाय. तूच पयला."

२१ जुलै, सोमवार

पाच चेहऱ्यांवरची मळी स्पिरिटने काढली. लांबून ते एका साच्यातले वाटतात. पण मळी निघाली तशी सगळी वेगवेगळी माणसं झाली. एकाला गलमिश्या. एक म्हातारा, गाल बसलेला. एकाचा कान अर्धा. एवढ्या श्रीमंती फर्निचरवर राण्या नाहीत, पऱ्या नाहीत, ही अशी दमलेली माणसं कुणी कोरली? आणि पाचवा, कोचाच्या डाव्या हातावरचा, तर आपल्यातलाच दिसतो. जाड ओठ, कपाळावर आठ्या, दाढीचे खुंट. खुंटसुद्धा कोरलेत.

लिलावाचं जुनं पुस्तक इथेच मेजावर आहे. त्यात या सातही नगांचा फोटो आहे. भिंग लावून पाहिलं. फोटोत चारच चेहरे आहेत. पाचवा आणि सहावा, दोन्ही गुळगुळीत.

म्हणजे पाचवा चेहरा नंतर झाला. कुणीतरी इथे बसून केला. पुन्हा चाचीला विचारलं. ती जरा चिडली. वीस वर्षांत या घरात सुतार आलेला नाही म्हणाली. मग माझ्या खोलीत कॉटखाली दुसऱ्या कुणाची चप्पल कशी? अंगठ्याच्या जागी खोल ठसा पडलेली. तिने चप्पल हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "असेल कुनाची." तिचा चेहरा मात्र अंधारात पायरी चुकल्यासारखा झाला होता.

२६ जुलै, शनिवार

अरबाब आज स्वतः आले. उंच, मऊ बोलणारे, बोटात पोवळ्याची अंगठी. काम बघून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, चार वर्षांत कुणी ठेवला नव्हता. मी हिंदीत विचारलं, सहावा चेहरा कुणाचा करू? म्हणाले, तुझ्या हाताला येईल तो कर. पासपोर्ट मात्र त्यांच्या शहरातल्या ऑफिसात जमा करायला घेऊन गेले. तिकिटासाठी लागेल म्हणून.

मी ठरवलंय, बाईचा चेहरा करणार. पाच दमलेल्या पुरुषांना जरा सोबत. मालनचाच करतो म्हटलं, अमेरिकन कोचावर कुडाळची सून!

३१ जुलै, गुरुवार

या पाच दिवसांत झालं तसं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. पटाशी लावायचा अवकाश, लाकूड आपणच बाजूला होतं, खरवस कापावा तसं. कधी कधी दोन तास गेलेले कळत नाहीत. रेखाटन मालनचं केलं होतं. नाक जरा वेगळं आलं, मोठं. हनुवटीही. काही हरकत नाही, लाकूड सांगेल तसं जावं.

डोळे मिटलेलेच ठेवलेत. ते शेवटी.

४ ऑगस्ट, सोमवार

मालनने काम दाखव म्हटलं म्हणून चेहऱ्याचा फोटो पाठवला. लगेच तिचा फोन आला, हसत होती. तेजूने फोटो बघताच "बाबा!" म्हणून ओरडून मोबाइलचा मुका घेतला म्हणे. मालन म्हणाली, "अवो, सोताचोच पुतळो केलास? आणि माका सांगी होतास तुझो चेरो करतंय म्हणान!"

मी हसण्यावारी नेलं. मग उठून दिवाणखान्यात गेलो आणि नीट पाहिलं.

मोठे कान, आमचे मेस्त्र्यांचे. नाकाच्या शेंड्याजवळ तीळ, लाकडाची बारीक गाठ नेमकी तिथेच आली आहे. आणि डाव्या भुवईत खाच. ती मी कोरलेली नाही. शपथेवर लिहितो, ती मी कोरलेली नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

तीन दिवस पटाशीला हात लावला नाही. नुसतं पॉलिश करतोय, तेही बिनहाताच्या खुर्च्यांना.

सकाळी मोबाइल चेहरा बघून उघडेना. उजेडात गेलो, चष्मा काढला, तोंड धुतलं. "चेहरा ओळखता आला नाही." बोट लावलं, तेही नाही. बोटं भिंगाखाली पाहिली. सुताराची बोटं झिजतातच, पण माझ्या दहाही बोटांवर एक रेघ उरलेली नाही. गोळ्यासारखी गुळगुळीत.

नंबर टाकून उघडला. नंबर अजून चालतो.

आरशात मी आहे. मला तरी मीच दिसतो. पण खाच कुठल्या भुवईत होती, डाव्या की उजव्या, ते वहीत मागे जाऊन बघावं लागलं. आता दोन्हीत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

देणं मोघम ठेवलं. चूक माझीच आहे, दुसऱ्या कुणाची नाही. बाबांनी शंभर वेळा सांगितलं होतं. जो 'मागशील ते देईन' म्हणतो त्याच्याकडे काय मागायचं ते मागणाऱ्याला बरोबर कळतं. माझ्याकडे आहे काय दुसरं? कुडाळात कौलारू घर, ते भावांत. हातात कसब. आणि चार माणसं, मला बघून सुदेश म्हणणारी. त्याने तेवढंच घेतलं.

टोमॅटोच्या गाडीवाल्याकडून फहाहीलच्या बाजारातून नारळ आणि गूळ मागवला. आज कोचापुढे ठेवून नव्याने गाऱ्हाणं घातलं. म्हटलं, म्हाराजा, चुकभूल माफ कर, देणं नारळ नि गूळ, दुसरा काय नाय, माझा माका परत दी. नारळ फोडला. आत पाणी नव्हतं, खोबरं नव्हतं. काळा भुसा निघाला. हाताला लागला तर ओळखीचा वास. शिसवीचा भुसा.

झुलेखाचाची जेवण घेऊन आली. रोज "मेस्त्री, जेवलास काय रे" म्हणणारी. आज दारातच थबकली, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "तुम्ही नवे आलात काय?"

१५ ऑगस्ट, शुक्रवार

टोमॅटोच्या गाडीत बसून जलीबला गेलो. गाडीवाल्याने दोनदा विचारलं, कोण तू, कुठला. मी नाव सांगितलं तर म्हणाला, नारळ मागवणाऱ्या मेस्त्रीला मी ओळखतो, तो तू नाहीस.

चार वर्षांची खोली. दार काशिफनेच उघडलं. मी म्हटलं, काशिफ, मी. तो नम्रपणे हसला, अनोळखी माणसाला हसतात तसा. त्याला सगळं सांगितलं. त्याच्या बहिणीच्या निकाहाला मी इथे रात्र जागून लाकडी पेटी करून दिली होती ते, त्याच्या घोरण्यावर आम्ही गाणं केलं होतं ते. तो ऐकत गेला आणि त्याचा रंग उतरत गेला. म्हणाला, "ही बातमी तुम्हाला कोनी दिली? सुदेशला काय झालंय? तो बरा हाय ना?" मी म्हटलं, मीच सुदेश. त्याने दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

रस्त्यावर तपासणी चालू होती. खिशात बताका आहे, इथलं ओळखपत्र, पण त्यावरच्या फोटोशी आता माझा काय संबंध? गल्लीतून मागे फिरलो. भर दुपारी दोन तास भिंतीच्या वीतभर सावलीत उभा राहिलो. मग गाडी परत वफ्र्याला निघाली, तीत बसलो. जाणार कुठे?

१७ ऑगस्ट, रविवार

अरबाबांच्या ऑफिसला फोन केला. तिथला माणूस चांगला बोलला. तिकीट तयार आहे, बाहेर जायचा परवाना तयार आहे, पासपोर्ट तयार आहे. फक्त सुदेश मेस्त्रीने स्वतः यावं, फोटो जुळला की लगेच देऊ.

सगळं तयार आहे. माणूस सोडून.

१९ ऑगस्ट, मंगळवार

घरी व्हिडिओ कॉल केला. आठ दिवस टाळला होता.

मालन दिसली. केस धुतलेले, मागे माटवी बांधायला काढलेलं सामान. तिने पडद्याकडे पाहिलं आणि पदर सावरला. "कोण बोलतास तुमी? ह्यो फोन तुमच्याकडे कसो?" म्हणाली. मी म्हटलं, मालन, मी गो. आवाजही तिला कळला नाही. तिने लग्नातली गोष्ट विचारली नाही, काहीच विचारलं नाही. घाबरली फक्त. रडायला लागली आणि म्हणाली, "माझ्या घोवाक काय केलास तुमी?"

तेजू मध्ये आली. माझ्या सोन्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "आई, ह्यो कोण? माझो बाबा खंय आसा?"

कॉल बंद झाला.

मालनने तो लाकडाचा फोटो छापून घेतलाय. तिच्या मागे भिंतीवर होता, तारीखवाल्या कॅलेंडरच्या वर. तेजू जाताना त्याला हात लावून गेली.

२१ ऑगस्ट, गुरुवार

मोठा हातोडा घेतला. ते डोकं फोडायचंच असं ठरवून. फुटलं तर माझं मला मिळेल. किंवा मिळणार नाही. पण फुटेल तरी.

उचलला. खाली आणवेना.

कारण तोच तेजूचा बाबा आहे. या जगात तिला ओळखू येणारा बाबा तेवढाच उरलाय. तो फोडला तर तिला कोणीच नाही. मी तर नाहीच.

हातोडा खाली ठेवला. कोचावर बसलो, कधी बसलो नव्हतो. त्याच्या शेजारी. पाचव्या चेहऱ्याकडे पाहिलं, जाड ओठांच्या. त्याचीही कोणी तेजू असेल. त्यानेही हातोडा उचलला असेल — पेटीतल्या हातोड्याच्या दांड्यावर त्याच्या अंगठ्याचा ठसा आहे, खोल, घट्ट धरल्याचा.

त्याने काय वचन दिलं होतं? त्याच्या भाषेत?

२३ ऑगस्ट, शनिवार

मालनचा निरोप आला. लिहून. माझ्यासाठी नाही, सुदेशसाठी — हा फोन आज ना उद्या सुदेशच्या हाती जाईल म्हणून.

"तेजू जेवत नाय. बाबाचे डोळे मिटलेले आसत, तो आजारी आसा म्हणता. फोटोक सांगता, बाबा डोळे उघड मां. तुमी खंय आसात? चतुर्थीक येतालास मां?"

दहा वेळा वाचलं.

डोळे शेवटी. बाबा म्हणायचे.

चाची दारात ताट ठेवून जाते. आत बघत नाही. आज तिने कुणाला तरी फोनवर सांगितलं, दिवाणखान्यात कोणी नाही, मेस्त्री अजून यायचा आहे —

२४ ऑगस्ट

विमान दुपारी गेलं असेल.

पटाशी घेतली. त्या जाड अंगठ्याची. माझ्या हातात बरोबर बसली.

तेजूसाठी. गणपतीचे आखले नाहीत, हे तरी आखतो. चांगले करीन. मोठे, जागे. फोटो काढून पाठवीन, मग ती जेवेल —

उजवा डोळा झाला. पाठवला फोटो.

उत्तर आलं. तिचा आवाज. "आई, बाबान माका बगल्यान!" हसतेय. हसतेय माझी —

डाव्याची पापणी काढली. लाकूड ऊबदार आहे. हात आता नीट —

लिहितोय आणि दिसतंयही. खालून, हाराच्या आतून. पडदे दिसतात. मेजावर पुस्तक. कोचावर एक माणूस बसलाय, मांडीवर वही, हातात पटाशी. काहीतरी भरभर लिहितोय. रडतोय. कुणाचा आहे बिचारा, काय हवंय त्याला, मी याला कधी कुठे —